स्ट्रीक चालू आहे हो, पण पैसे साठले का?

दोनेक वर्षांपूर्वी मी एका बचतीच्या अॅपवर काम करत होते. रोज दहा-वीस रुपये बाजूला टाकायचे, एवढंच ते अॅप. घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, भाजीवाले हे आमचे युजर. अॅपचे रोजचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड नुसता हिरवागार होता, रोज अॅप उघडणारे वाढतायत, स्ट्रीक म्हणजे सलग किती दिवस पैसे टाकले तो आकडा चढतोय, सोमवारच्या मीटिंगला सगळे खूश. मग एकदा हडपसरला एका ताईंकडे गप्पा मारायला गेले, त्यांचा स्ट्रीक ६३ दिवसांचा होता. मी कौतुक केलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अगं ताई, तो आकडा तुटू नये म्हणून टाकते मी दहा रुपये, शनिवारी सगळे काढून घेते आणि रविवारी परत दहापासून सुरू." त्या दिवशी खात्यात चाळीस रुपये होते. ६३ दिवसांची बचत, चाळीस रुपये!

चूक त्यांची नव्हती, आम्ही जे मागितलं तेच त्यांनी दिलं. आम्ही स्ट्रीक मागितला, स्ट्रीक मिळाला. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेली गोष्ट हीच, की एखाद्या आकड्यालाच टार्गेट केलं की तो मोजमाप म्हणून निकामी होतो. हे कळायला लंडनला जायला नको. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली, मग किती खाती शून्यावर आहेत यावरून बोंब व्हायला लागली, आणि २०१६ मध्ये पेपरात बातमी आली की काही शाखांमध्ये बँकेच्याच लोकांनी अशा खात्यांत एकेक रुपया टाकलाय. शून्य बॅलन्सची खाती कमी झाली की नाही, झाली. हागणदारीमुक्तीचंही तसंच, संडास बांधला की आकडा चढतो, वापरला की नाही ते कोण बघणार. २०१४ साली उत्तर भारतातल्या पाच राज्यांतल्या गावांत एक सर्व्हे झाला होता, त्यात चालू संडास असलेल्या घरांपैकी ४० टक्क्यांहून जास्त घरांत निदान एक माणूस तरी बाहेरच जात होता.

तर आपल्या प्रॉडक्टमुळे माणसाचं खरंच काही बदललं का हे मोजायचं कसं, ते मला जमलं तसं लिहितेय. बिहेवियरल सायन्स, म्हणजे माणसं जशी वागतात तशी का वागतात त्याचा अभ्यास, म्हटलं की लोकांना वाटतं नोटिफिकेशनमध्ये कुठला शब्द टाकला की लोक क्लिक करतात त्याचं शास्त्र. त्यासाठी वापरतात हे खरंय, पण मोजण्यासाठी ते जास्त कामाचं आहे असं माझं मत झालंय. उदाहरण बचतीचंच घेते कारण त्यात माझे हात पोळलेत, तुमचं अॅप शेतीचं, अभ्यासाचं, औषधाचं असेल तर शब्द बदलून घ्या.

आधी एक वाक्य लिहा, आणि त्यात अॅपचं नाव नको

डिझाइन सुरू करायच्या आधी एक वाक्य लिहायचं. कोण माणूस, कुठल्या वेळी, काय करेल जे तो आत्ता करत नाही किंवा त्याला करता येत नाही. आमचं वाक्य शेवटी असं झालं, "महिना बाराएक हजार कमावणाऱ्या बाईला अचानक दोन-तीन हजारांचा खर्च आला तर मालकिणीकडून उचल न घेता आणि मंगळसूत्र गहाण न टाकता तो भागवता येईल." आता या वाक्यात टॅप नाही, स्क्रीन नाही, सेशन नाही. माझी परीक्षा सोपी आहे, उद्या त्या बाईचा फोन पाण्यात पडला तर तिच्याकडे काय उरलं? जे उरलं ते मोजायचं.

हे वाक्य ऑफिसात बसून होत नाही. आमचं पहिलं वाक्य होतं "महिलांचं आर्थिक सक्षमीकरण" आणि त्यावर अख्खी टीम महिनाभर आनंदाने माना डोलवत होती, कारण त्यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं आणि मोजण्यासारखंही काहीच नव्हतं. आठ-दहा लोकांना भेटा, पैसे साठवून काय करणार असं विचारा, उत्तर आलं की बरं आणि मग त्याने काय होईल, असं दोन-तीनदा खाली उतरा. "बचत व्हावी" इथून सुरुवात होते आणि "जूनमध्ये शाळेची फी भरायला जावेपुढे हात पसरायला लागू नये" इथे येऊन थांबते. दुसरं उत्तर पकडायचं.

अजून एक, मेट्रिकला, म्हणजे आपण जो आकडा मोजतो त्याला, मोठं नाव दिलं म्हणून तो मोठा होत नाही. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की आता आम्ही लोकांमधल्या अर्थपूर्ण संवादाला महत्त्व देणार, पण अर्थपूर्ण म्हणजे काय ते मोजताना कमेंटी, रिअॅक्शन, शेअर हेच धरलं, आणि कमेंटी कुठे जास्त पडतात तर भांडणं लागतात तिथे. २०२१ मध्ये कंपनीचे आतले कागद बाहेर आले तेव्हा दिसलं की त्यांच्याच रिसर्चर लोकांनी याबद्दल सावध केलं होतं. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघितलेल्या कुणालाही हे आधीच सांगता आलं असतं म्हणा.

वाक्य नीट लिहिलं की पहिला झटका लगेच बसतो. आमच्या जुन्या डॅशबोर्डवर एखादीने जूनमध्ये सगळे पैसे काढले, बॅलन्स शून्य झाला, महिनाभर अॅप उघडलं नाही की ती "गेलेली युजर" म्हणून लाल रंगात दिसायची आणि तिला परत आणण्यासाठी मेसेज सुटायचे. नवीन वाक्याप्रमाणे बघितलं तर तिने फी भरली होती! अॅपचं काम झालं होतं! ज्या दिवशी आपण लाल रंगवत होतो तोच यशाचा दिवस. आणि जी बाई दहा रुपये टाकून दहा काढत होती ती हिरवी.

मग साखळी मांडा, आणि कुठली कडी कच्ची आहे ते शोधा

फी भरेपर्यंत थांबायचं तर वर्ष जाईल, तोवर टीमने काय बघायचं? त्यामुळे मधले आकडे लागतातच, मी त्यांच्या विरोधात नाही. फक्त ते मधले आहेत हे विसरायचं नाही. एका कागदावर टॅपपासून आयुष्यापर्यंत सगळ्या पायऱ्या लिहा. आमच्याकडे असं होतं, आठवण आली, पैसे टाकले, टाकलेले पैसे चार आठवडे तसेच राहिले, दीड-दोन हजार जमले, अडचण आली तेव्हा त्यातूनच काढले, उचल टळली. आता प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये बोट ठेवून विचारायचं, पहिली झाली पण दुसरी झालीच नाही असं कधी होईल? आमची "पैसे टाकले" आणि "तसेच राहिले" यातली कडी तुटकी होती आणि आम्ही फक्त पहिली मोजत होतो. तेव्हापासून "आज किती जणांनी पैसे टाकले" काढून टाकलं आणि "चार आठवडे न हललेली रक्कम" हा आकडा ठेवला. तो गरिबडा दिसतो, मीटिंगमध्ये टाळ्या पडत नाहीत, पण दहा रुपये आत-बाहेर करून तो वाढवता येत नाही.

कडी तपासायची म्हणजे काय याचं मला आवडणारं उदाहरण टीबीच्या औषधांचं. ९९डॉट्स म्हणून एक पद्धत भारतात वापरली गेली, गोळ्यांच्या पाकिटाला वरून एक कागदी आवरण, गोळी काढली की आत लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर पेशंटने फुकटचा कॉल करायचा, कॉल आला म्हणजे गोळी घेतली असं धरायचं. डोकं लावलेली आणि स्वस्त आयडिया. पण काही संशोधकांनी मुंबई, चेन्नई, वेल्लोरमध्ये पेशंटच्या घरी न सांगता जाऊन लघवी तपासली, गोळीतलं औषध खरंच शरीरात आहे का ते बघायला. आणि दोन्ही बाजूंनी घोळ निघाला, काही जणांचा कॉल होता पण औषध नव्हतं, आणि काही जणांनी औषध घेतलं होतं पण कॉलच केला नव्हता. हा दुसरा प्रकार आपण विसरतो. गोळी खाल्ली, तोंड धुतलं, कामाला पळाला, कॉल कशाला करतोय. आपल्या अॅपमध्ये नोंद नाही म्हणजे माणसाने केलं नाही असं नसतं.

किंवा मुंबईच्या आरमान संस्थेचं एममित्र बघा, गरोदर बायकांना आणि नव्या आयांना ठरलेल्या वेळी फोनवर रेकॉर्ड केलेली माहिती ऐकवतात. गूगलच्या संशोधकांबरोबरच्या त्यांच्या कामात ३० सेकंदांहून जास्त ऐकलं तर बाई ऐकतेय असं धरलं होतं. हे धरणं गैर नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ३० सेकंद ऐकणं आणि लोहाची गोळी पोटात जाणं यामध्ये तीन-चार कड्या आहेत. सासूबाई गोळी घेऊ देतायत का, गोळी दवाखान्यात मिळतेय का, मळमळ होतेय का. यातली एकही कडी कॉलच्या लॉगमध्ये दिसणार नाही.

तर दर तीन महिन्यांनी वीस-पंचवीस लोक निवडा आणि तुमची "लघवी तपासणी" करा. आमच्यासाठी ती म्हणजे घरी जाऊन विचारणं की सगळीकडचे मिळून पैसे किती आहेत. सगळीकडचे हा शब्द महत्त्वाचा. अॅपमधले पैसे वाढले याचा अर्थ बचत वाढली असा होत नाही, कारण बायका आधीपासून साठवतच असतात, भिशीत, बचत गटात, पतसंस्थेच्या पिग्मी एजंटकडे, तांदळाच्या डब्यात. आमच्या कितीतरी युजरनी पिग्मी बंद करून तेच पैसे आमच्याकडे टाकले होते. आमच्या दृष्टीने वाढ, त्यांच्या दृष्टीने नुसतं या खिशातलं त्या खिशात. उलट पिग्मीवाला रोज दारात यायचा, "वहिनी, आज काय?" म्हणायचा, त्याला नाही म्हणणं अवघड, आणि नोटिफिकेशन तर काय, बोटाने उडवलं. तेव्हा काही जणींची बचत आमच्यामुळे कमीच झाली असेल असं मला आजही वाटतं.

लोक का करत नाहीत, तेही मोजा

हे थोडक्यात सांगते. मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली एक साधी चौकट आहे, कॉम-बी म्हणतात. कुठलीही कृती व्हायला क्षमता लागते, संधी लागते आणि इच्छा लागते. टीमला नेहमी वाटतं इच्छा कमी आहे, मग बॅज, कॉन्फेटी, स्ट्रीक सुरू होतं. आमच्याकडे इच्छा भरपूर होती. अडचण संधीची होती, पगार रोख मिळायचा आणि रोख अॅपमध्ये घालायची सोय नव्हती, पोराला सांगून त्याच्या खात्यातून टाकायचं. त्यामुळे आम्ही तीन साधे प्रश्न ठेवले, कसं करायचं ते येतं का, करायला जागा-वेळ-रोख-फोन हातात असतो का, करावंसं वाटतं का, आणि दर तिमाहीला यातलं नक्की काय हललं ते बघायचं. स्क्रीन सुंदर करून संधी वाढत नाही हे डिझायनर मंडळींना, म्हणजे मला, पचायला वेळ लागला.

विचारताना

आपल्याकडची माणसं घरी आलेल्याला वाईट बोलत नाहीत. चहा देतात आणि "छान आहे हो अॅप" म्हणतात. पाचपैकी पाच स्टार हा पाहुणचार आहे, डेटा नाही. "तुम्हाला अॅप उपयोगी वाटतं का?" हा प्रश्नच बाद करा. "पुढे बचत करणार का?" हाही बाद, कारण ठरवणं आणि करणं यात जे अंतर असतं त्यावर बिहेवियरल सायन्सचं अर्धं दुकान चालतं.

त्याऐवजी मागच्या एका खऱ्या प्रसंगाबद्दल विचारायचं. आमचा प्रश्न असा होता, "मागच्या वेळी अचानक पैसे लागले ते कधी? कशासाठी? त्या दिवशी पैसे कुठून आणले?" मग पर्याय वाचून दाखवायचे नाहीत, त्या बोलतील ते लिहून घ्यायचं, हातउसने, उचल, गटाचं कर्ज, गहाण, डबा, अॅप. हा एकच प्रश्न आमच्या बाकीच्या सोळा प्रश्नांवर भारी पडला. आणि "गेल्या वर्षभरात किती वेळा" असलं काही विचारू नका, वर्षाचं कुणाला आठवतं, माणूस अंदाजे गोल आकडा सांगतो. महिनाभराचं विचारा, ते पण "गणपती बसल्यापासून" असं काहीतरी खुंटीला अडकवून विचारलं तर उत्तर नीट येतं.

अजून एक गंमत. आठवणीत सगळा प्रवास नसतो, त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट असतो, मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि मंडळींनी हे अगदी कोलोनोस्कोपीच्या पेशंटवर बघितलं होतं, १९९६ चा पेपर आहे. त्यामुळे पैसे टाकल्या टाकल्या फुलं-फटाके उडणाऱ्या स्क्रीनवर रेटिंग मागितलं तर ते त्या फटाक्यांचं रेटिंग असतं. विचारायचंच असेल तर निवांत दिवशी, पैसे काढल्यानंतर आठवड्याने विचारा, आणि शक्य तर ज्याने अॅप बनवलं त्याने विचारू नये. आम्ही एका समाजकार्याच्या विद्यार्थिनीला पाठवायला लागलो तेव्हा पहिल्यांदा तक्रारी ऐकू आल्या. कुणाच्या घरच्या पैशाबद्दल विचारतोय हे लक्षात ठेवा, नवरा समोर असताना डब्यातल्या पैशांचा प्रश्न विचारायचा नाही. आम्ही एकदा विचारला आणि त्या घरात पुढे काय झालं असेल या विचाराने मला दोन दिवस कसंतरी झालं.

कशाच्या तुलनेत?

ही पायरी बहुतेक टीम गाळतात आणि इथेच सगळं असतं. "रोज अॅप वापरणाऱ्यांची बचत न वापरणाऱ्यांपेक्षा तिप्पट" अशी स्लाइड दिसली की समजायचं, जे मुळात शिस्तीचे आहेत तेच रोज वापरतात आणि ते अॅप नसतं तरी साठवणारच होते. पहाटे फिरायला जाणारे निरोगी असतात म्हणून फिरण्याचे बूट निरोगी करतात असं म्हणण्यासारखं आहे हे.

आधी आणि नंतर अशी तुलनाही फसवते. पैशाला ऋतू असतो, जूनमध्ये वह्या-पुस्तकं, श्रावण-गणपतीत खर्च, दिवाळीला बोनस, लग्नसराईत आहेर. ऑक्टोबरची तुलना जूनशी केली तर दिवाळीच्या बोनसचं श्रेय तुमच्या नवीन बटणाला जाईल. शिवाय लोक अॅप घेतातच कधी, नुकतीच मोठी अडचण होऊन गेल्यावर. तिथून सगळं आपोआपच थोडं सावरतं, तुम्ही काही केलं नाही तरी.

एक उदाहरण देते. २०१६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ४७१ तरुण मंडळी, वजन कमी करायचा दोन वर्षांचा कार्यक्रम, अर्ध्यांना नंतर हालचाल मोजणारं अंगावरचं उपकरण दिलं, अर्ध्यांना नाही. उपकरणवाल्यांचं वजन दोन वर्षांत सरासरी साडेतीन किलो कमी झालं. वा, चला जाहिरात करू! पण ज्यांना उपकरण दिलं नव्हतं त्यांचं ५.९ किलो कमी झालं होतं. तुलनेचा गट नसता तर त्या उपकरणाचा सत्कारच झाला असता.

तर करायचं असं, नवीन फीचर आलं की सगळ्यांना एकदम देऊ नका. कॉम्प्युटरला चिठ्ठ्या टाकू द्या, अर्ध्यांना आत्ता, अर्ध्यांना तीन-चार महिन्यांनी. कुणावर अन्याय होत नाही, उशीर होतो फक्त, आणि फीचर कामाचं आहे का हे आपल्यालाही माहीत नसतंच. फोन नंबरच्या शेवटच्या अंकावरून गट पाडू नका असं मी सांगेन, लोक लकी नंबर पैसे देऊन घेतात, तिथेच गट वाकडे होतात.

आणि मोजताना ज्यांना फीचर दिलं त्या सगळ्यांना धरा, ज्यांनी वापरलं तेवढ्यांनाच नाही. फिलिपिन्समध्ये मिंडानाओ बेटावरच्या एका बँकेत नावा आश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी केलेला प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे, २००६ मध्ये छापून आला. ठरलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत असं खातं, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांना देऊ केलं. २८ टक्के लोकांनीच घेतलं. पण हिशोब करताना ज्यांना देऊ केलं त्या सगळ्यांची सरासरी घेतली, नाही म्हणालेले पण धरून, आणि तरीही वर्षभरात त्यांच्या शिल्लकेतली टक्केवारीतली वाढ दुसऱ्या गटापेक्षा ८१ अंकांनी जास्त होती. असा आकडा मला पटतो, कारण त्यात शिस्तवाले निवडून घेतलेले नाहीत. आपल्या भिशीचंही बळ हेच आहे की मधेच पैसे काढता येत नाहीत, त्यामुळे मला तो पेपर वाचताना आमच्या आईच्या ग्रुपची आठवण येत होती.

किती लोक लागतील? ढोबळ मानाने, उचल टळलेल्यांचं प्रमाण ३० वरून ४० टक्क्यांवर गेलं हे ओळखायचं असेल तर प्रत्येक गटात साडेतीनशेच्या आसपास माणसं हवीत. ३० वरून ३५ ओळखायचं तर चौदाशेच्या आसपास. तेवढे युजर नसतील तर लहान फरक शोधायच्या नादी लागू नका, मोठा फरक पडेल असं काहीतरी बनवा. किंवा सरळ पंधरा घरं नीट बघा आणि आकड्यांचा आव आणू नका.

उलटा आकडा

प्रत्येक चांगल्या आकड्याशेजारी एक असा आकडा ठेवायचा जो वाढला तर आपण चुकतोय. आमच्याकडे दोन होते. पैसे साठवायला कुणी कर्ज काढलं का (हो, असं होतं, स्ट्रीकसाठी शेजारणीकडून वीस रुपये घेणाऱ्या होत्या), आणि पैसे काढायला किती वेळ लागला. दुसरा महत्त्वाचा, कारण "चार आठवडे न हललेली रक्कम" वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काढायचं बटण लपवणं. आमच्या एका मीटिंगमध्ये हे सुचवलंही गेलं, गोड शब्दांत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नचे, म्हणजे युजरला फसवणाऱ्या डिझाइनचे, १३ प्रकार यादी करून मना केलेत, बाहेर पडायची वाट मुद्दाम अवघड करणं त्यात येतं. फिलिपिन्समधलं कुलूप लोकांनी स्वतः मागून लावून घेतलं होतं, आपण गुपचूप लावलेलं कुलूप वेगळं. ओळखायची खूण म्हणजे काय करतोय ते युजरला सांगितल्यावर ती "बरं झालं" म्हणेल की चिडेल.

किती दिवस बघायचं, आणि टेकू काढून बघणं

सात दिवसांचा आकडा बघून काही ठरवू नका. सवय लागायला २१ दिवस हे सगळीकडे फिरतं, पण २०१० मध्ये लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बघितलं तर मधला आकडा ६६ दिवसांचा आला, कुणाला १८ दिवस पुरले आणि कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. ते पण रोज एक फळ खाणं, थोडं चालणं असल्या सवयींबद्दल. पैशाचं चक्र महिन्याचं, त्यामुळे मी तरी तीन पगार आणि एक सण एवढं बघितल्याशिवाय बोलत नाही.

रिमाइंडरने फरक पडतो हे खरं आहे, बोलिव्हिया, पेरू, फिलिपिन्समध्ये बँकांबरोबर केलेल्या प्रयोगांत नुसत्या आठवणीच्या मेसेजने बचत सहा टक्क्यांच्या आसपास वाढली होती. पण तो फरक टेकूचा आहे की माणसाचा, हे बघायला टेकू काढावा लागतो. आम्ही चार महिने झालेल्या युजरपैकी चिठ्ठ्या टाकून काहींची नोटिफिकेशन आणि स्ट्रीक दोन्ही सहा आठवडे बंद केली. प्रॉडक्ट मॅनेजर जवळजवळ रडायला आला होता. अॅप उघडणं धाडकन पडलं, ते पडणारच होतं. पण एक प्रकार असा सापडला की ज्या बायकांनी सुरुवातीलाच खात्याला नाव दिलं होतं, "पिंकीची फी", "आईचं डोळ्याचं ऑपरेशन", त्या महिन्यातून दोनदाच यायच्या, पगाराच्या दिवशी आणि पंधरा तारखेला, मोठी रक्कम टाकायच्या आणि हात लावायच्या नाहीत. डब्यावर नाव लिहून ठेवल्यासारखं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर ज्याला मनातले वेगवेगळे हिशोब म्हणतात ते बहुतेक हेच. नाव देणाऱ्या मुळातच पक्क्या होत्या की नावाने फरक पडला हे त्यातून कळत नव्हतं, म्हणून पुढच्या वेळी नाव द्यायची स्क्रीन अर्ध्याच लोकांना दाखवायची असं ठरलं. सहा आठवडे संपल्यावर बाकीच्यांची नोटिफिकेशन चालू केली. त्या नाववाल्यांची केली नाही, आणि त्यांच्यातल्या एकीनेही विचारलं नाही की मेसेज का येत नाहीत.